पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच ट्रिपमध्ये? नाही ओ

बेळगाव-निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "छोट्या जहाजातनं थेट दक्षिण ध्रुवावर, पेंग्विन आणि पांढरी अस्वलं सोबत, मोठ्या जहाजापेक्षा स्वस्त". तिन्ही गोष्टी चूक. दक्षिण ध्रुव अंटार्क्टिका खंडाच्या पार आत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८३५ मीटर उंच बर्फावर आहे, तिथं जहाज चढणार कसं सांगा की! बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात आणि ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत जातात, नुसतं जायलाच साधारण दोन दिवस, त्यात समुद्र खवळला तर जेवणाचं नावच काढू नका. पांढरी अस्वलं उत्तरेकडं, आर्क्टिकमध्ये.

आणि स्वस्त कुठलं, छोटं जहाज बहुतेक वेळा महागच पडतं, कारण खरं उतरायला त्यातनंच मिळतं, ५०० पेक्षा जास्त प्रवासी असले की किनाऱ्यावर उतरवतच नाहीत आणि एका जागी एकावेळी १०० च माणसं. उतरायच्या आधी बूट धुवायचे, कपड्यांच्या शिवणीत, व्हेल्क्रोत अडकलेलं बी सुद्धा काढायचं, आपल्या खानापूरच्या माळावरचं एक कुसळ पण तिकडं चालत नाही. सीझन नोव्हेंबर ते मार्च, मेसेजमधली "मे महिन्याच्या सुट्टीची ऑफर" तर सोडूनच द्या.