पगाराची स्लिप आणि तुरीचा कट्टा

फायनान्स कंपनीचं पत्र आलं. पद विधी अधिकारी, ठिकाण नागपूर, पगार महिना ३८ हजार, होकार कळवायला १५ दिवस. पगार दर महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होईल, हेसुद्धा त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. बारा वर्षं वकिली करतोय, पण 'तारीख' आणि 'पैसे' एकाच ओळीत पहिल्यांदाच पाहत होतो.

खाली बारीक अक्षरात होतं : मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप जोडाव्यात.

मागच्या तीन महिन्यांची माझी कमाई सांगतो. तुरीचा एक कट्टा, तोही पाऊण भरलेला. फेरफाराच्या एका भांडणात दोन डझन गावरान अंडी, त्यातली चार बसमध्येच फुटली. एका जामिनाचे तीन हजार ठरले होते, त्यातले दोन आले. आणि एक कवठ. ते फी म्हणून आलं की प्रेमानं, याचा निकाल अजून लागलेला नाही. स्कॅन करून पाठवावं असं यात काहीच नव्हतं.

आमचं तालुक्याचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शकुंतला रेल्वेच्या वाटेवर. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी चालू होती तेव्हा पोरं धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायची, असं म्हातारे सांगतात. गाडी बंद पडली. तिचा वेग मात्र वाया गेला नाही, तो आमच्या दिवाणी दाव्यांनी घेतला.

त्यातला सगळ्यात जुना दावा आमच्या आबाजींचा. भांडण कशाचं, तर तीन हात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं. दावा लावला आबाजींच्या वडिलांनी, माझ्या सिनियरकडे. वडील गेले, सिनियर गेले, समोरचा पक्षकारही गेला, धुऱ्यावरची बाभूळसुद्धा वाळून गेली. आबाजी आणि मी हे दोघं वारसाहक्कानं आलेलो. दर तारखेला ते धोतराच्या सोग्यातून दोनशेची नोट काढतात, माझ्या हातावर ठेवतात आणि त्यातूनच चहा पाजायला लावतात.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर १७ मध्ये, सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे मी एकदा आबाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते इतके हसले, की तळहातावरचा मळलेला तंबाखू सांडला.

फीचं म्हणाल तर ती पिकाच्या मागे चालते. सोयाबीनच्या वेळी विचारलं की "कापूस इकला का देतो." कापूस विकला की तूर. तूर आली की चना. मग लागतो उन्हाळा, कोर्टाला सुट्ट्या. जूनमध्ये बी-बियाणं घ्यायला निघालेल्या माणसाला पैसे मागायची हिंमत सावकाराला होत नाही, मी कोण? आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नसतं. त्याच्याकडे नसतातच. त्यामुळे धड रागावताही येत नाही.

जाहिरात करावी, तर बार काउन्सिलचा ३६ वा नियम आडवा येतो. पाटीसुद्धा वाजवी आकाराची पाहिजे. माझी पाटी वाजवी आहेच, फक्त शेजारच्या कृषी केंद्रानं कपाशीच्या बियाण्याचा फलक लावल्यापासून तिच्यातला 'कील' तेवढा दिसतो.

घर चालतं ते बायकोच्या पगारावर. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मोटरसायकलचं कर्ज मागायला गेलो, तर बँकेच्या साहेबानं 'वकील' ऐकून खुर्ची दोन बोटं मागे घेतली. तिची स्लिप पाहिल्यावर पुन्हा पुढे आणली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, लग्नकार्यात माझी ओळख "आमचे जावई, वकील हायेत" अशी करून देतात आणि समोरच्याचा चेहरा पडायच्या आत जोडतात, "पोरगी नोकरीवर हाये."

"जाऊन तर पाहा," बायको म्हणाली.

"नियम ४९," मी म्हटलं. "पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. सनद स्थगित करावी लागते. कोट उतरवावा लागतो."

"त्याचं अस्तर मागच्याच वर्षी उतरलं. आता कोट तेवढा राह्यला."

मुलाखतीला मी गेलो होतो, हे सांगायचं राहिलं. नागपूरच्या त्या एसी खोलीत त्यांनी माझी परीक्षा घेतली : चेक बाऊन्स झालेला कर्जदार आहे असं धरा आणि कलम १३८ ची नोटीस लिहा. बारा वर्षांत पहिल्यांदा टेबल हलत नव्हतं, पंखा चालू होता, कोणी "वकीलसाहेब, जरा एक मिनिट" म्हणत नव्हतं. हात असा सुटला म्हणता! शेवटी तर मी एक वाक्य टाकलं : "आपल्या या कृत्यास बेजबाबदारपणा म्हणणे हा बेजबाबदारपणाचा अपमान ठरेल." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कागद ठेवून घेतला.

होकाराच्या पंधरातले नऊ दिवस गेले होते. मी वकालतनाम्याच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडून बसलो होतो. डावीकडे ३८ हजार, त्यातून नागपूरचं भाडं वजा. उजवीकडे तूर, अंडी, कवठ आणि येणं बाकी. येणं बाकीची बेरीज एवढी झाली, की क्षणभर मीच मला श्रीमंत वाटलो. तेवढ्यात आबाजी नातवाला घेऊन आले. तारीख नव्हती, तरी आले.

"साहेब, पोट्ट्यानं गाडी घेतली होती हप्त्यावर. हे आलं पाहा."

नोटीस होती. त्याच कंपनीची. चेक परत गेला, रक्कम पंधरा दिवसांत भरा, नाहीतर फौजदारी. मी सराईतपणे खालपर्यंत उतरलो आणि शेवटच्या परिच्छेदाशी थबकलो. बेजबाबदारपणाचा अपमान माझ्याकडे पाहत होता.

नातू म्हणाला, "साहेब, कोन लेहते हो असं? लय डोक्याचा मानूस दिसते."

मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

आबाजी म्हणाले, "त्याच्या डोक्याचं मले नोका सांगू. त्याले उत्तर लेहा."

लिहिलं. सदर नोटीस मोघम असून तिची भाषा कायद्याच्या व्यवसायास शोभणारी नाही, असं मी माझ्याविषयी लिहिलं. हप्त्यांच्या दोन पावत्या कंपनीच्या हिशोबात धरलेल्याच नव्हत्या, तो मुद्दा मात्र खरा निघाला. तो मी ठळक केला. फी पाचशे सांगितली. आबाजींनी सोग्याला हात घातला, विचार केला आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"चना निंगाला का देतो."

ते गेल्यावर मी आणखी एक कागद घेतला आणि कंपनीला लिहिलं : अर्जदार काही अपरिहार्य कारणास्तव विहित मुदतीत होकार कळवू शकत नाही, तरी न्यायाच्या दृष्टीने आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती. खाली सवयीनं 'अर्जदारातर्फे वकील' म्हणूनही सही केली.

दोन्ही लिफाफे घेऊन पोस्टात गेलो. बाबूंनी चष्मा वर करून दोन्ही पत्ते वाचले.

"एकाच ठिकाणी दोन स्पीड पोस्ट कायले धाडता वकीलसाहेब? एकाच पाकिटात बसले असते ना."