बँकॉकला एक रात्र पुरत नाही
बँकॉकला एक रात्र काढून थेट फुकेत बेट गाठा, हा थायलंडच्या सहलीवरच्या एका लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. १७८२ पासूनची राजधानी आहे ती! वाट फो या बौद्ध मंदिरातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सगळेच बघतात. पण तिथेच थाई राजा तिसऱ्या रामाच्या काळात वैद्यक आणि मालिशीचं ज्ञान दगडी पाट्यांवर कोरून ठेवलंय, तिकडे घाईत कुणाचं लक्षच जात नाही. ‘जायंट स्विंग’ या प्रसिद्ध मोठ्या झोक्याजवळ १७८४ चं देवस्थान आहे, शंकर-गणपती-विष्णूचं. थाई राजदरबाराचे ब्राह्मण पुरोहित आजही तिथलेच. आपल्या माणसांनी तर ते चुकवूच नये. ट्रॅफिकचा वैताग आला तर सेन सेप कालव्यातली बोट पकडा. आणि पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार रात्री उशिरा बघा, झेंडूचे नुसते ढीग! तीन-चार दिवस तरी द्याच.