बोळ ओसाड नव्हते
स्कॉटिश छायाचित्रकार टॉमस ॲनन यांच्या छायाचित्रांतले ग्लासगो शहराचे बोळ ‘ओसाड’ आहेत, हे तुमच्या लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. त्यांनी ही चित्रे घेतली त्या १८६८ ते १८७१ या काळात ओल्या कलोडियनच्या काचेवर (म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच चित्र घ्यावे लागणाऱ्या काचेवर), तेही जेमतेम उजेड पोहोचणाऱ्या अरुंद बोळांत, चित्र उमटायला बराच वेळ लागत असे. तेवढा वेळ जो निश्चल उभा राहिला तोच स्पष्ट दिसतो, हललेली मुले धुरकट होतात आणि चालत गेलेला माणूस मुळीच उमटत नाही.

अशी चित्रे मोठी करून पाहताना मी आधी वर, काठ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहतो, कारण तिथे किती दाटीने संसार चालले होते हे त्यांवरूनच कळते. शिवाय हे काम पाडायच्या वस्तीची नोंद म्हणून शहरसुधारणेचे काम पाहणाऱ्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने करवून घेतले होते, याचा लेखात साधा उल्लेखही नसावा, हे खटकले.