डिझेल आहे ना?

शनिवारी खंबाटकीच्या अर्ध्या घाटात आमच्या टाटा चारशेसात टेम्पोनं पुन्हा मान टाकली. हौद्यात पुण्याहून घेतलेल्या ३०० जुन्या खुर्च्या, आणि हौद्यामागे महाबळेश्वरला निघालेलं अर्धं पुणं. एका गाडीची काच खाली आली, "काका, भंगारात घाला आता," असं बाहेर आलं आणि एसी वाया जाऊ नये म्हणून काच लगेच वर गेली.

आमचा मंडपाचा धंदा. गाडी २००३ची. सपाटीला घोड्यासारखी पळते, रिकामी असली तर चढतेही. पण मागं माल आणि पुढं चढ असं जुळून आलं की चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, आणि मग ॲक्सिलेटर फळीला टेकवला तरी इंजिन नुसतं जांभया देतं. बाजूला घ्यायची, बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. पुन्हा चावी मारली की काही झालंच नव्हतं अशा तोऱ्यात वर. बरं, हे रोज होईल तर शपथ! चार खेपा बिनतक्रार आणि पाचव्या खेपेला, तेही मुहूर्ताच्या दिवशी.

असल्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. शाळेच्या वेळेलाच दुखणाऱ्या पोटासारखं ते. मेस्त्रीच्या दारात नेली की आमची ही पोरगी अशी गुणी वागायची की मेस्त्री गाडीकडे न बघता माझ्याकडेच बघायचा. पहिल्यानं दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, हवा काढली, "एअर घेत होती" म्हणाला. दुसऱ्यानं टाकीतून डिझेल ओढणारा फिडपंप नवा टाकला आणि नोझल काढून टेस्टिंगला पाठवले. तिसरा नव्या जमान्यातला. हातात स्कॅनर घेऊन स्टिअरिंगखाली वाकला आणि बराच वेळ चाचपून म्हणाला, "सॉकेट कुठंय?" सॉकेट नाही रे बाबा. हिच्यात सेन्सरच नाही, तर सॉकेट कशाला असेल? पंपसुद्धा साधा, दांड्या-स्प्रिंगांचा. तो जरा हिरमुसला. तपासणीचे ५०० घेतले मात्र.

तिघांचे मिळून साडेअकरा हजार गेले. त्याहून झोंबलं ते हे, की तिघांनीही निघताना एकच विचारलं, "गाडी तुम्हीच चालवता का?"

दरवर्षी हीच गाडी मी आरटीओत पासिंगला नेतो. आठ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर भरतो, इंडिकेटर दाखवतो, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या दाखवतो. तिथं ती दर साली पास होते. तिला नापास व्हायचं असतं ते नेमकं वधूपित्यासमोर. असो.

तर घाटात गाडी कडेला उभी. आमच्या हाताखालच्या बंड्यानं मागच्या चाकाला दगड लावला, दुसरा दगड हाताशी ठेवला आणि त्यावर बसून मोबाइल काढला. तेवढ्यात एक स्कूटर आली. अंगात पांढरा सदरा, वय सत्तरीच्या पुढं. गृहस्थांनी स्कूटर नीट स्टँडला लावली, हेल्मेट काढलं. हेल्मेटखाली गांधी टोपी. तीही कडक, एक सुरकुती नाही.

"काय पाव्हणं, दम लागला व्हय?"

"चढ घेत नाही," मी म्हणालो.

त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "डिझेल आहे ना?"

बावीस वर्षं स्टिअरिंगवर असलेल्या माणसाला हा प्रश्न! मांडवात येऊन वरबापाला "नवरदेव आणलाय ना?" विचारण्यातला प्रकार.

"आहे. शिरवळला टाकलंय हजाराचं."

"काटा काय म्हंतोय?"

"काटा बंद आहे."

"मंग कशावरनं म्हंता, आहे?"

मी गप्प. ते म्हणाले, "एस.टी.त होतो. छत्तीस वर्षं."

झालं, मी विद्यार्थ्यासारखा सरळ उभा राहिलो. एस.टी.तला माणूस म्हणजे घाट कोळून प्यायलेला! त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. चालू करा. रेस द्या. बंद करा. परत चालू करा. दरवेळी ते बॉनेटला कान लावायचे आणि "हं" म्हणायचे. पाच वेळा "हं" झालं आणि प्रत्येक "हं" वेगळा होता. चौथ्याला तर माझ्या पोटात खड्डा पडला. वाटलं, इंजिन उतरवायला सांगतात आता.

सांगितलं ते भलतंच. "मलाबी असंच व्हायचं. यवतेश्वराच्या चढाला छातीवर दगड ठेवल्यागत. डॉक्टरकडं गेलं की ईसीजीची पट्टी एकदम चांगली. म्हंत्यात, काका, मनाचे खेळ. हिनं तर जेवायचीच चोरी केली माझी. शेवटी एकानं त्या मशिनीच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं, तवा सापडलं. दोन नळ्या बंद!" त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढायला हात नेला. टाके दाखवतात की काय या धास्तीनं मी घाईघाईनं "हो, हो" म्हणालो. "दुखणं चढाचं आसंल तर चढालाच बघाय पायजे. तुम्ही सपाटीला न्हेऊन बघता. कसं घावंल?"

तीन मेस्त्र्यांपैकी एकानंही माल भरून चढावर चक्कर मारली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आणि ते या टोपीवाल्यानं दाखवून द्यावं याचा रागही आला.

"आता डिझेल बघू," ते म्हणाले. विषय सोडायला तयारच नाहीत. कडेच्या झुडपाची हातभर काडी मोडली, पानं ओरबाडली, टाकीपाशी आले आणि थबकले. टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा.

"झाकाण?"

"हरवलं."

"कवा?"

"गेल्या पावसाळ्यात."

त्यांनी बंड्याकडे पाहिलं. बंड्यानं मोबाइलमध्ये. बोळा निघाला, काडी आत गेली, तळाला टेकली, जरा ढवळली. "हाय," ते नाइलाजानं म्हणाले. "चार बोटं." माझी छाती फुगली. काडी वर आली. काडीच्या खुंटाला काहीतरी लोंबत होतं. गुलाबी, मऊ, ओघळणारं. त्यांनी ते चिमटीत धरून बॉनेटवर पसरलं. अर्धी अक्षरं पुसलेली, अर्धी ठळक.

'…दी पेढे'.

"ह्ये तुमचं?" जत्रेत सापडलेलं पोर दाखवावं तसं त्यांनी विचारलं.

माझंच. झाकण हरवल्यावर मीच टाकीच्या तोंडाला कंदी पेढ्यांची पिशवी बांधली होती, वर रबर. महिन्याभरात ती विरली. एक दिवस नुसतं रबर उरलेलं दिसलं, मला वाटलं पिशवी वाऱ्यानं गेली. मग फडकं कोंबलं. पिशवी पाण्यावर तरंगते, पण डिझेल पाण्याहून हलकं, त्यात ती बुडते. म्हणजे बाईसाहेब इतके महिने तळाशी पहुडलेल्या. सपाटीला त्यांचा काही त्रास नाही. चढाला पंपानं जोरात ओढलं की उठून टाकीतल्या नळीच्या जाळीला चिकटायच्या आणि इंजिन उपाशी. गाडी बंद केली की ओढ संपली, पुन्हा खाली. २०१८मध्ये सरकारनं अशा पिशव्यांवर बंदी घातली. ही माझ्या टाकीत भूमिगत झाली होती. आणि तिन्ही मेस्त्र्यांनी टाकी सोडून पुढचं सगळं बदललं, कारण टाकी उतरवायची म्हणजे अर्धा दिवस जातो.

चावी मारली. पहिल्याच दणक्यात गाडी चढाला लागली. निघण्याआधी मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "एस.टी.त मेकॅनिक होता का?"

"छ्या! आस्थापनेत. रजेचे अर्ज बघायचो. आजारी म्हणून अर्ज आला की खरा का खोटा, कागदावरनंच वळखायचो." हेल्मेट चढवता चढवता त्यांनी माझा नंबर घेतला. कशाला, ते विचारायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन दुसऱ्या मेस्त्रीला फोन केला. म्हणाला, "फिडपंप आज ना उद्या जाणारच होता की." "मग जुना परत दे," म्हटलं, तर तो भंगारात गेला म्हणे. भंगाराचे पैसे कुणाला मिळाले, हे विचारलं तर रेंज गेली.

२८० रुपयांचं कुलपाचं झाकण आणलं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मोबाइलवर गुलाबाचं फूल येतं आणि खाली, "डिझेल आहे ना?" मी अंगठा पाठवतो.

आज सकाळी साताऱ्याच्या बोगद्याच्या चढाला गाडीनं पुन्हा मान टाकली. परळीकडचं लग्न, वर शंभर बांबू. बंड्या म्हणाला, "पिशवीचा उरलेला तुकडा आसंल." मी कुलूप काढलं, काडी घातली, तळापर्यंत नेली, चांगली ढवळली.

काडी कोरडी.

बंड्याला कॅन देऊन पंपावर पिटाळलं. तासाभरानं डिझेल ओतून फिल्टरचा स्क्रू ढिला केला आणि हवा काढायला हँडपंप मारत बसलो. बुडबुडे काही संपेनात. खिशात फोन वाजत होता. नाव न बघताच कट केला.