मळणीचा हात आणि हासळीजवळची नळी

सोयाबीनची मळणी सुरू झाली की लातूरकडं बोटं यंत्रात गेलेली माणसं येऊ लागतात, आणि मागोमाग तो मेसेज: ‘हाताच्या ऑपरेशननंतर हासळीच्या हाडाखाली नळी घालून तीन दिवस भूल सोडतात. नस मरते, हात लुळा पडतो. औषध काळजात उतरतं. त्यापेक्षा दुखणं सोसा, जखम लवकर भरते.’ भूल देणं हेच माझं काम, म्हणून लिहितोय.

नस मरते? नळी नसेत घालतच नाहीत. मानेतून काखेकडं उतरणाऱ्या नसांच्या जुडग्याशेजारी, सोनोग्राफीत बघत ठेवतात. रोपिवाकेनसारखं बधिर करणारं पातळ औषध छोट्या पंपातून थेंबाथेंबानं जातं आणि नसेतला निरोप तेवढ्यापुरता अडवतं. पंप काढला की काही तासांत जाण परतते. कायमची इजा होतच नाही असं म्हणणार नाही, पण ती फार विरळ. शिवाय यंत्रानंच नस तुटलेली असते, आणि खापर नळीवर! म्हणून भूल देण्याआधी प्रत्येक बोटाची जाण तपासून कागदावर लिहितो.

नुसतं एक इंजेक्शन दिलं तर? संध्याकाळी दिलेलं पहाटेपर्यंत उतरतं. मग अख्खा वॉर्ड जागा. नळी ठेवतात ती त्या पहाटेसाठी. बऱ्याच ठिकाणी पंप फुग्याचा असतो, लाइट गेली तरी चालतो. (आमच्याकडं हे सांगावंच लागतं.)

काळजाची भीती अगदीच खोटी नाही. औषध जास्त झालं किंवा रक्तात गेलं तर धोका आहेच. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, तोंडाला लोखंडाची चव आली की लगेच सिस्टरला हाक मारा.

सोसल्यानं जखम भरते, हे मात्र निव्वळ थोतांड. शिवलेल्या कंडरा (बोटं ओढणाऱ्या दोऱ्या) चिकटू नयेत म्हणून बोटं लवकर हलवावी लागतात. कळा येत असतील तर माणूस हाताला हातच लावू देत नाही.

भ्यायचं असेल तर दुसऱ्याच गोष्टीला भ्या. प्लॅस्टर आवळलं तरी बधिर हात सांगत नाही, म्हणून नखांचा रंग बघत राहावं लागतं. एका मामांनी गप्पांच्या नादात चहाचा स्टीलचा गिलास त्याच हाताला टेकवून ठेवला होता. कुणाचंच लक्ष नव्हतं, आमचंही. गिलास उचलला तर खाली फोड. मामा म्हणाले, “मला कसं कळावं सायेब, हात हाय का गेला तेच कळंना!” तेव्हापासून आमच्याकडं चहा कागदी कपात, आणि तोही दुसऱ्या हातात.