चार वस्त्या, एक वाघरू

गावच्या ग्रुपवर काल परत मेसेज, आपल्या शिवारात ३०-४० बिबटे झालेत म्हणे. मोजले कुणी? सकाळी मळ्यात दिसला की एक, संध्याकाळी ओढ्याला दिसला की दुसरा, रात्री डेअरीच्या सीसीटीव्हीत आला की तिसरा. या हिशोबानं आमची एक मांजर पण पाच भरेल.

मागं आमच्या बांधावर अभ्यासवाल्या पोरांनी कॅमेरे लावलेले, दोन समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मला वाटलं एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. तर तसं नाय, बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके वेगळे, उजव्या अंगावरचे वेगळे, दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तरच ओळख पक्की. पहिले शंभरेक फोटो नुसती कुत्री, नायतर डोक्याला टॉवेल गुंडाळून पाणी धरायला निघालेले आमचे तात्या. मग एक मादी आली. पोरानं लॅपटॉपवर फोटो शेजारी शेजारी लावले, मांडीवर तीन ठिपके एकमेकाला चिकटलेले, तीच ओढ्यावर, तीच पलीकडच्या वस्तीवर. चार वस्त्यांचे चार वाघ, निघाली एकटी ती! आणि जे कॅमेऱ्यात आलेच नाहीत त्यांचाही अंदाज काढता येतो, तेच तेच जनावर कितीदा परत येतं त्यावरून.

सरकारी मोजणीत २०२२ ला देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरलेत, पण ती पट्टेरी वाघांच्या मोजणीसोबतची, भर सगळा जंगलावर. उसातल्याचं काय? बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमनं नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात शेतीतच कॅमेरे लावले तर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ मोठे बिबटे निघाले, आणि खाण्यात सगळ्यात जास्त काय तर कुत्री. असं काम तालुक्या-तालुक्यात, दर दोन-तीन वर्षांनी पाहिजे.

कारण अंदाजावर काम केलं की काय होतं ते जुन्नरनं बघितलंय. २००१ पासून धडाधड पिंजरे लावून बिबटे लांबच्या जंगलात सोडले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं तो पिंजरा लावा म्हणणारच, त्याला शहाणपण शिकवायची माझी हिंमत नाय. पण आता नसबंदी करा म्हणतात, ती तरी कितींची करणार, माद्या किती हेच माहीत नसताना?

कुणाला कॅमेरे लावायचे असतील तर आमच्या बांधावर जागा आहे. फक्त ऊस तुटायच्या आधी या, टोळी आली की सगळंच पांगतं.