आज ऋतू कोणता, एवढंच विचारलं होतं मी

ग्रुपवर लिहिलं तर परत भांडण होणार म्हणून इथे लिहितेय. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. आमचं नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी एक लांब गोष्ट, सुरू होतंय, त्याचे हाउस रूल्स, म्हणजे आमच्या ग्रुपचे आपले नियम, आज सकाळी आले. बाकी सगळे ठीक, एक सोडून. "टाइम ट्रॅकिंग नाही. दिवस-महिने मोजणं म्हणजे अकाउंटिंग, आपण मजा करायला खेळतो." त्याखाली थंब्सअपची रांग. मी फक्त एवढंच विचारलं की बाबा रे, गोष्ट सुरू होते तेव्हा तिथे ऋतू कोणता आहे, थंडी आहे की पाऊस. तर हसणारे इमोजी, आणि "हिला भिंतीवरचं कॅलेंडर आणून द्या रे कुणीतरी."

अकाउंटिंग म्हणे! हिट पॉइंट (किती मार सोसू शकता) मोजता, स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतात) मोजता, सोन्याची नाणी मोजता, मेलेल्या गॉब्लिनच्या खिशातली तांब्याचीसुद्धा सोडत नाही, लेव्हल अप व्हायला किती एक्सपी (अनुभवाचे गुण) बाकी आहेत ते झोपेत विचारलं तरी सांगाल, आणि दिवस मोजायचे म्हटलं की लगेच सगळे कलाकार होता.

ज्या माणसाने हा खेळ डेव्ह आर्नसनबरोबर १९७४ मध्ये आणला त्या गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक वाक्य अख्खं कॅपिटल अक्षरांत छापलंय, की काळाची काटेकोर नोंद ठेवली नाही तर कॅम्पेनला काही अर्थ राहत नाही. माणूस ओरडतोय अक्षरशः. आता त्याच्या टेबलवर एकाच जगात वेगवेगळे ग्रुप खेळायचे, त्यामुळे कोण कधी कुठे होतं हे लिहिणं त्याला भागच होतं, आपलं तसं नाही, हे मला माहीत आहे, कॉमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. पण तेव्हाचे नियम काय होते बघा. दहा मिनिटांचा एक टर्न, सहा टर्नमध्ये मशाल विझते, सहातला एक टर्न विश्रांतीचा. म्हणजे अंधारात उभं राहून तुम्ही दार उघडायचं की नाही यावर वाद घालत बसलात तरी मशाल जळत राहायची. वाद घालायचीसुद्धा किंमत होती!

बरं. ती नावाड्याच्या मुलाची गोष्ट सांगते, ज्यांनी आधी ऐकलीये त्यांनी परत ऐका.

आमचं जुनं कॅम्पेन, दुसरा डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा). अगदी सुरुवातीला पार्टी, म्हणजे आमची सगळी पात्रं, रात्री एक नदी ओलांडते. नाव चालवणारा बाप आणि नावेच्या टोकाला कंदील धरून उभा असलेला त्याचा मुलगा. काही घडत नाही, लढाई नाही, क्वेस्ट (मोहीम) नाही. आमच्यातली एल्फ (माणसासारखी एक जमात) खेळणारी मैत्रीण उगाच वेळ घालवायला त्या पोराला विचारते, तू किती वर्षांचा रे. डीएमने तेव्हाच्या तेव्हा ठोकून दिलं, नऊ. आणि वहीच्या कडेला लिहून ठेवलं. बस. मग आमचं नेहमीचं सुरू झालं. विझार्ड (जादूगार) एक अख्खा हिवाळा मनोऱ्यात स्पेल उतरवत बसला, माझा फायटर (लढवय्या) पाय मोडून पडला, मग कुणाच्या तरी युद्धात गेलो, मग समुद्रापलीकडे. मध्ये एकदा एका सराईत अफवा ऐकली होती की उत्तरेला मोठा पूर आलाय. आम्ही म्हटलं येऊ दे, आपला रस्ता दक्षिणेचा.

खूप सेशन्सनंतर परत त्याच नदीवर आलो. डीएमने वही मागे उलटली, बोटांवर काहीतरी मोजलं, गप्प झाला. आणि मग एकदम जाड, फुटलेल्या आवाजात म्हणाला, "घोडे एका खेपेत जायचे नाहीत. आधी माणसं बसा." नाव चालवत होता तो मुलगाच, सोळा वर्षांचा. माझ्या फायटरला त्याने ओळखलं नाही, दाढी पिकलेली, चेहऱ्यावर नवीन व्रण, कसा ओळखणार. पण एल्फकडे बघून तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही मागे आला होतात. मी कंदील धरला होता. तुम्ही तशाच आहात."

मैत्रिणीच्या तोंडून शब्द फुटेना. मग तिने विचारलं, तुझे वडील? डीएमने नुसतं वहीकडे बघितलं. पूर.

आता तुम्ही मला सांगा हे अकाउंटिंग आहे का.

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, मी काहीच लिहून आणलं नव्हतं, वहीत वय होतं, पुराची तारीख होती, मी फक्त बेरीज केली. एवढंच! ज्या सीनसाठी लोक पानंच्या पानं बॅकस्टोरी लिहून आणतात तो एका बेरजेतून आला.

आणि एल्फचं काय ते बोलू. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात लिहिलंय की एल्फ शंभरीच्या आसपास स्वतःला मोठं समजायला लागतात आणि साडेसातशे वर्षं जगू शकतात. वाचायला फार भारी. पण तुमच्या कॅम्पेनमध्ये काळ सरकतच नसेल तर तो एल्फ म्हणजे टोकदार कानांचा माणूस, डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) फुकट. त्या नावेत पहिल्यांदा कळलं आम्हाला की ही बाई आमच्या सगळ्यांच्या नंतर उरणार आहे, आणि ते आम्हाला कुठल्या रेस फीचरने नाही कळलं, एका पोराच्या फुटलेल्या आवाजाने कळलं.

कॉम्प्युटर गेमवाल्यांनो हसू नका, तुमची तर अजून वाईट अवस्था आहे. स्कायरिम घ्या. तारीख आहे, महिन्यांची नावं आहेत आणि सुंदर आहेत, सुरुवातीची तारीखसुद्धा ठरलेली, चौथ्या युगाचं २०१ वं वर्ष, लास्ट सीड महिन्याची १७ तारीख. खरा एक मिनिट म्हणजे तिथली वीस मिनिटं, म्हणजे आपल्या ७२ मिनिटांत त्यांचा एक दिवस. इतकी मेहनत! आणि जग गिळायला निघालेला ड्रॅगन तुम्ही फुलं तोडत वर्षभर फिरलात तरी थांबून राहतो. पोरं पोरंच राहतात. माझा नावाड्याचा मुलगा तिथे असता तर अजून नऊ वर्षांचाच असता, कंदील धरून, तेच एक वाक्य बोलत. तोच स्टुडिओ १९९६ मध्ये डॅगरफॉल करत होता तेव्हा क्वेस्टला मुदत असायची, उशीर केला की गेला क्वेस्ट. मग पुढे कुणीतरी ठरवलं असणार की प्लेयरला काहीही गमवायला लागता कामा नये.

बाल्डर्स गेट थ्री, आपल्याच खेळावरचा कॉम्प्युटर गेम, मला आवडतो, खूप आवडतो, पण डोक्यात अळी शिरलीये, लवकर इलाज करा नाहीतर राक्षस व्हाल असं सगळे सांगतात आणि मी प्रत्येक चकमकीनंतर कॅम्पवर जाऊन झोपते, अळीची काही हरकत नाही. पण त्यातच ती जळणारी सराई आहे बघा, वॉकीन्स रेस्ट. तिथे पोचलात आणि आग न विझवता लाँग रेस्ट (रात्रभराची झोप) घेतलात तर आत अडकलेली माणसं मरतात. लोक अजून त्याबद्दल बोलतात ना? का बोलतात? कारण बाकी सगळं जग तुमच्यासाठी ताटकळत उभं असताना ती आग थांबली नाही.

हां, आता तुम्ही म्हणाल ते. टायमर वाईट पद्धतीने लावला की माणूस गोष्ट सोडून घड्याळाकडे बघत बसतो, हे मान्य. पाथफाइंडर किंगमेकरमध्ये माझं तेच झालं, नकाशावर कुठेही जायचं म्हटलं की पोटात गोळा. पहिल्या फॉलआउटमध्ये (फँटसी नाही, माहीत आहे) पाण्याची चिप शोधायला १५० दिवस होते आणि मी निम्मा गेम घाबरत खेळले. पण तो गेम कुठे विसरलेय मी?

महिन्यांची नावं पाठ करा असं मी कुणालाही म्हणत नाहीये, तो गैरसमज आधी काढून टाका. या खेळाची छापील जगं घ्या. फरगॉटन रेल्म्समध्ये हार्प्टॉसचं कॅलेंडर आहे, तीस दिवसांचे बारा महिने, दहा दिवसांचा आठवडा, मध्ये पाच सणाचे दिवस, दर चार वर्षांनी एक जास्तीचा. ग्रेहॉकमध्ये २८ दिवसांचे बारा महिने आणि सणांचे चार आठवडे, एकूण ३६४. एबेरॉनमध्ये ३३६ दिवसांचं वर्ष आणि आकाशात बारा चंद्र. बारा! भरती-ओहोटीचं काय होत असेल तिकडे देव जाणे. यातलं एकही नाव मी टेबलवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही आणि मला त्याचं काही दुःखही नाही. आमच्या त्या डीएमच्या वहीत महिन्यांना नावंच नव्हती. पेरणी, पूर, कापणी, बर्फ. चार शब्दांवर अख्खं कॅम्पेन चाललं, आणि त्यातल्याच एका शब्दाने तो मुलगा पोरका झाला.

खरा राग मला लाँग रेस्टचा येतो. आठ तास झोपलं की सगळे हिट पॉइंट परत. म्हणजे गावातला पोरगा तलवार उचलतो आणि पुस्तकातल्या हिशेबाने रोज भरपूर लढाया केल्या तर एक-दीड महिन्यात विसाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला पोचून देवांशी हाणामारी करायला मोकळा. त्याच्या आईने अजून त्याची खोलीसुद्धा आवरली नसेल! २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पर्याय दिलाय, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. मी तो सुचवला तेव्हा आमच्या विझार्डने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची किडनी मागितली. जुन्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत हेस्ट (वेग वाढवणारा) स्पेल टाकला की ज्याच्यावर टाकला त्याचं वय एक वर्षाने वाढायचं. २०१४ च्या नियमांतसुद्धा भूत नुसतं दिसलं तरी माणूस दहा ते चाळीस वर्षांनी म्हातारा होऊ शकायचा. पण ज्या टेबलवर कुणालाच स्वतःच्या कॅरेक्टरचं वय माहीत नाही तिथे त्या भुताने करायचं काय बिचाऱ्याने?

ग्रेग स्टॅफर्डचा पेंड्रागॉन, असाच फाशांचा पण सरदारांचा खेळ, १९८५ चा आहे. साधारण वर्षाला एक साहस, मग विंटर फेज. त्यात जमिनीचं काय झालं, लग्न झालं का, मूल झालं का, घोडा मेला का, आणि पस्तिशीनंतर दर हिवाळ्याला म्हातारपणाचे फासे. तुमचा सरदार मरतो आणि तुम्ही त्याचा मुलगा घेऊन पुढे खेळता. लोकांना त्यात मजा येते हो! आपल्यासारखीच माणसं आहेत ती, फासे टाकून ओरडणारी.

मला कळतंय समोरच्याचं म्हणणं. दिवसभर तारखांच्या मागे धावायचं, डेडलाइन, हप्ते, मीटिंग, आणि संध्याकाळी चार तास मिळतात त्यातही कुणी सांगायला लागलं की उशीर झाला तर नको वाटतं. नवीन डीएम तर पहिल्यांदाच चालवतोय, त्याला मॅप बघायचे आहेत, मॉन्स्टर बघायचे आहेत, आमच्या विझार्डला आवरायचंय, त्यात आणखी एक काम. सकाळी मी त्याला जरा जास्तच बोलले असेन... पण नाही. नाही, कारण काम मुळात वाढतच नाही. तो जुना डीएम सेशन संपल्यावर एक ओळ लिहायचा. कोणता हंगाम, किती दिवस गेले, कोण कशाची वाट बघतंय. आम्ही कोट घालून दारात गप्पा मारेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असायचं.

आणि वाट बघणारा माणूस गोष्टीत असला की प्लेयर आपोआप बदलतात. त्या नावेनंतर आमची पार्टी वेगळीच वागायला लागली. कुणी म्हणालं महिन्याभराने या, तर विझार्ड विचारायचा, महिना म्हणजे बर्फाच्या आधी की नंतर. जो माणूस आधी राजाच्या दरबारात झोपा काढायचा तो! साइड क्वेस्ट आला की आधी वाद, जायचं का, तोवर तिकडे काय होईल. यातलं एकही आम्हाला डीएमने सांगितलं नव्हतं. उत्तरेला पूर आलाय असं ऐकून घोडे दक्षिणेला वळवलेली माणसं होतो आम्ही.

तर मी खेळायला येणार आहे, रुसून बसणार नाही, तसं कुणी पसरवत असेल तर थांबवा. फायटरच घेतेय, वय ३१ लिहिलंय शीटवर, पेनाने. वही मी ठेवते, डीएमला एक अक्षर लिहायला लागणार नाही. त्याने फक्त ऋतू सांगावा, आणि पार्टी झोपायला निघाली की कुणीतरी एकाने मोठ्याने म्हणावं की एक दिवस गेला. आणि विझार्डसाहेब, त्या वेळी डोळे फिरवायचे नाहीत, तुमचाही दिवस गेलेला असतो.